मदत हवी आहे: अकरानंतर काँक्रीट पंपाची लाइन दुसऱ्या बेंडलाच जॅम होते

साइट_भुसावळ
राम राम मंडळी. तिसऱ्या मजल्याचा स्लॅब, काँक्रीटचा ग्रेड एम २५, खडी २० एमएम, वाळू सगळी क्रश सँड (दगड फोडून केलेली). ट्रॉली पंप, लाइन १२५ एमएम, आडवी ६० मीटर आणि उभी १० मीटर. सकाळी माल सुरळीत जातो. अकरानंतर दोन गाड्यांमध्ये अर्ध्या तासाचा खंड पडला की दुसऱ्या बेंडला (पाइपाच्या वळणाला) जॅम ठरलेला. ऑपरेटर म्हणतो गाडीत पाणी मारा, इंजिनिअर नको म्हणतात. कुणाचं ऐकू?

पंपवाला_जळगाव
इंजिनिअरचं. पाणी वाढवलं की दाबाखाली पाणी पुढे पळतं आणि खडी बेंडात अडकते. शिवाय स्ट्रेंग्थ जाते ती वेगळीच. स्लम्प (साचा काढल्यावर काँक्रीट किती खाली बसतं ते माप) प्लांटवरचा सांगू नका, हॉपरजवळ (पंपात माल ओततात तिथे) मोजा. १०० ते १५० एमएम पाहिजे. कमी भरला तर प्लांटवाल्याला विचारून अ‍ॅडमिक्शर (पाणी न वाढवता माल सैल करणारं रसायन) टाका आणि गाडीचा ड्रम निदान पाच मिनिटं जोरात फिरवा.

पण जॅम रोज त्याच बेंडला का? तिथला क्लॅम्प उघडून गॅस्केट (सांध्यातलं रबरी कडं) बघा. फाटलं असेल तर सांध्याखाली सिमेंटच्या दुधाचा ओघळ दिसेल. दूध गळून गेलं की मागे कोरडी खडी उरते, तिचाच बूच बसतो.

साइट_भुसावळ
ओघळ आहे भाऊ! आत्ताही जॅमच आहे. उघडू का?

पंपवाला_जळगाव
थांबा. आधी रिव्हर्सचे दोन-तीन स्ट्रोक मारा, मग हळू पुढे. प्रेशर परत तसंच चढलं तर जोर करू नका. पुन्हा रिव्हर्स, पंप बंद, गेज शून्यावर, मगच क्लॅम्प. उभ्या लाइनीतला माल खाली येतो हे लक्षात ठेवा, तोंडासमोर कुणी उभं राहू नये. बूच नेमका कुठे आहे ते हातोडीने ठोकून कळतं, भरलेल्या जागी आवाज बद्द येतो.

आरएमसी_धुळे
थोडी भर. खंड पडला तर दर पाच मिनिटांनी एक-दोन स्ट्रोक पुढे-मागे करत राहा, माल झोपू देऊ नका. हॉपरमधला माल अ‍ॅजिटेटरच्या (माल ढवळणाऱ्या पात्यांच्या) शाफ्टच्या खाली गेला तर पंप हवा ओढतो. लाइनीवर बारदान टाकून ओलं ठेवा. मे महिन्यात उन्हातल्या पाइपाला हात लावून बघा, कळेल. सुरुवातीला सिमेंटची स्लरी सोडता ना? ती स्लॅबात एकाच जागी साचू देऊ नका.

क्रश सँडची चाळणी चाचणीही करून घ्या. वाळूचा १५ ते ३० टक्के भाग ३०० मायक्रॉनच्या चाळणीतून खाली जायला हवा. कमी असेल तर दूध खडीला धरून ठेवत नाही.

आणि प्रेशर न चढताच माल कमी पडत असेल तर दोष लाइनीत नाही. वॉटर बॉक्सचं (पंपाच्या पिस्टनमागच्या पाण्याच्या पेटीचं) पाणी गढूळ झालंय का बघा. झालं असेल तर पिस्टनचं रबर गेलं.

साइट_भुसावळ
वॉटर बॉक्स स्वच्छ आहे. गॅस्केट एका बाजूने बोटभर तुटलेलं निघालं, बदललं. हॉपरजवळ स्लम्प ७० भरला, प्लांटला फोन लावलाय.