मदत हवी आहे: गाडी तापली की स्पार्क गायब, शिवाय चार्जिंगही कमी. पार्ट बदलण्याआधी नेमकं काय मोजू?

नमस्कार मंडळी,

गिअर नसलेली, कार्बुरेटरवाली स्कूटर आहे, १२ व्होल्टची. इंजिन गार असताना पहिल्या सेल्फला सुरू होते, छान चालते. पंधरा-वीस मिनिटांनी, इंजिन चांगलं तापलं की, किल्ली फिरवून बंद करावी तशी एकदम बंद पडते. आधी आचके नाहीत, ओढ कमी होणं नाही. कधीकधी बंद पडताना सायलेन्सरमधून एक जोरात ‘फट्’ येतो, बस. मग सेल्फ मारा, किक मारा, ढिम्म. अर्धा तास उभी ठेवली की काहीच झालं नव्हतं अशी पुन्हा सुरू.

गाडी माझी ताई वापरते आणि तिची रात्रपाळी असते. अंधारात कुठेतरी मध्येच बंद पडणारी गाडी तिच्या हातात देताना जीव धाकधूक होतो, म्हणून हे एकदा मुळापासून निस्तरायचं आहे.

आतापर्यंत प्लग, प्लगची टोपी आणि एचटी कॉइल (प्लगला ठिणगीसाठी उच्च दाबाची वीज देणारी) नवीन टाकून झालं. मेकॅनिक आता सीडीआय (ठिणगी कधी पाडायची ते ठरवणारा इलेक्ट्रॉनिक डबा) बदलू म्हणतोय, आणि तेवढ्यानं नाही भागलं तर सगळी वायरिंग. त्याचा हात चांगला आहे, इंजिनाचं काम त्यानं फार नेटकं केलंय. पण विजेच्या बिघाडात एकेक पार्ट बदलत सुटायचं, हे मला पटत नाही. नवा पार्ट टाकल्यावर गाडी थोडी गार झालेली असते, त्यामुळे ती सुरू होते, आणि आपल्याला वाटतं की दोष सापडला. घरी डिजिटल मल्टिमीटर आहे, स्क्रू-पाने आहेत, मोजायची तयारी आहे. कुठे आणि कोणत्या क्रमानं मोजायचं, एवढं हवंय.

बंद पडल्या पडल्या मी काय काय पाहिलं ते लिहितो.

हॉर्न आणि इंडिकेटर नीट चालतात, सेल्फ इंजिन जोरात फिरवतो. प्लग काढला तर टोक ओलं आणि पेट्रोलचा वास. म्हणजे पेट्रोल पोचतंय. टाकीच्या झाकणाचं हवेचं छिद्र बुजलं असलं तरी गाडी अशीच थोडं चालून बंद पडते असं वाचलं होतं, म्हणून झाकण उघडं ठेवूनही पाहिलं, फरक शून्य. प्लग टोपीत लावून त्याची धातूची बाजू इंजिनाला घट्ट टेकवली आणि सेल्फ मारला: ठिणगी अजिबात नाही. तोच प्लग गाडी गार झाल्यावर तसाच टेकवला तर निळी, टचटचीत ठिणगी.

दुसरी तक्रार चार्जिंगची. रात्रभर उभ्या गाडीच्या बॅटरीवर १२.३ व्होल्ट दिसतात. इंजिन चालू करून रेस वाढवली तरी १२.७ च्या वर आकडा जात नाही. बॅटरी फार जुनी नाही. शिवाय हेडलाइट रेसबरोबर कमी-जास्त होतो.

प्रश्न असे: स्पार्क जाणं आणि चार्जिंग कमी असणं या दोन्हींचं मूळ एकच असू शकतं का? सीडीआय खरंच गेलाय हे तो विकत घेण्याआधी कसं ओळखायचं?

प्रतिसाद: तांब्याची_तार

ओला प्लग तपासलात हे फार बरं केलंत, अर्धं काम तिथेच झालं. पेट्रोल तुटलं की गाडी आचके देत, रडत रडत मरते. एकदम बंद पडणं आणि तो ‘फट्’ (न जळलेलं पेट्रोल तापलेल्या सायलेन्सरमध्ये जाऊन पेटतं) हे इग्निशनचंच लक्षण आहे. कार्बुरेटरला हात लावू नका.

आधी तुमचा सीडीआय एसी आहे की डीसी, ते ठरवा. एसी प्रकारात मॅग्नेटोतली (इंजिनाबरोबर फिरणारं चुंबकांचं चाक आणि कॉइल, जिथे गाडीची वीज तयार होते) एक वेगळी कॉइल सीडीआयला थेट वीज पुरवते, बॅटरीचा त्यात संबंध नसतो. डीसी प्रकारात सीडीआय बॅटरीचे १२ व्होल्ट घेतो आणि आतल्या आत काही शे व्होल्टपर्यंत चढवून कपॅसिटरमध्ये साठवतो. ओळखायचं सोपं: किल्ली चालू करा, इंजिन बंद राहू दे, आणि सीडीआयच्या कपलरवर (वायरी जोडायचा प्लॅस्टिकचा जोड) बॅटरीचा व्होल्टेज येतो का बघा. एखाद्या पिनेवर आला तर डीसी. बॅटरीची वायर काढून गाडी चालते का बघा, असा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका. चालू इंजिनावर बॅटरी सुटली तर व्होल्टेज वर उसळून बल्ब आणि सीडीआय दोन्ही जाऊ शकतात.

सीडीआय मल्टिमीटरनं तपासता येत नाही. पण त्याच्याकडे येणाऱ्या गोष्टी तपासता येतात, आणि त्या तीनच आहेत: वीजपुरवठा, अर्थ (बॅटरीच्या मायनसकडे परत जाणारी वाट), आणि पल्सर कॉइलचा इशारा (मॅग्नेटोच्या चाकावरचा उंचवटा समोरून गेला की ती सीडीआयला ठिणगीची वेळ कळवते). गाडी बंद पडलेली, इंजिन गरम असतानाच त्या मोजा. गार गाडीवर सगळं बरोबरच दिसणार.

पुरवठा: मीटरची काळी पिन बॅटरीच्या मायनसला, लाल सीडीआयच्या पुरवठ्याच्या पिनेला, किल्ली चालू. बॅटरीवर जितके व्होल्ट त्यापेक्षा इथे अर्धा व्होल्ट किंवा जास्त कमी दिसले तर किल्लीच्या स्विचचे संपर्क किंवा वाटेतला कपलर संशयित.

अर्थ: मीटर व्होल्टवरच ठेवा. एक पिन सीडीआयच्या अर्थ वायरला, दुसरी बॅटरीच्या मायनसला, आणि कोणाला तरी सेल्फ मारायला सांगा. ०.२ व्होल्टच्या आत असेल तर ठीक. अर्थ ओहमवर मोजू नका. एकच धागा शिल्लक राहिलेली वायरसुद्धा ओहमवर चांगली दिसते, ओझं पडलं की उघडी पडते.

पल्सर: सीडीआयचा कपलर काढून, त्यातल्या पल्सरच्या वायरीपासून अर्थपर्यंत ओहम मोजा. स्कूटरमध्ये बहुतेक वेळा १०० ते २०० च्या दरम्यान आकडा येतो, नेमका तुमच्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये मिळेल. गार असतानाचा आकडा लिहून ठेवा. गरम झाल्यावर तो थोडा वाढणारच: तांब्याचा रोध दर अंशाला साधारण ०.४ टक्के वाढतो, म्हणजे ५० अंश तापमान वाढलं की २० टक्के. गार १२० आणि गरम १४५ असेल तर कॉइल निरोगी आहे. पण गरम असताना मीटर काहीच दाखवेनासा झाला, तर वायर किंवा कॉइल आत तुटलीय. मोजताना मॅग्नेटोतून बाहेर येणारी वायर हलवत राहा.

हेडलाइट रेसबरोबर कमी-जास्त होणं हा दोष नाही. बऱ्याच गाड्यांत हेडलाइट बॅटरीवर नसून थेट मॅग्नेटोच्या एसीवर चालतो. चार्जिंगचे १२.७ मात्र नक्की कमी आहेत, रेस दिल्यावर १३.५ ते १४.८ च्या मध्ये कुठेतरी यायला हवेत. ते मोजायला जाल तेव्हा मॅग्नेटोचा मोठा कपलर उघडून पिना आधी डोळ्यांनी बघा.

प्रतिसाद: एक_किक

माझ्या गाडीचं अगदी हेच होतं, सीडीआय बदलला आणि प्रश्न मिटला. उगाच मोजमापात वेळ का घालवताय?

प्रतिसाद: तांब्याची_तार

@एक_किक, तुमचा सीडीआय गेलेला असेलच, तापल्यावर आतले जोड सुटणं हे सीडीआयमध्येही होतं. पण लक्षण एकच असलं तरी कारणं तीन-चार निघतात. धागाकर्ते, सीडीआयवर संशय असेल तर इंजिन गार असताना गाडी चालू करा आणि केस वाळवायच्या ड्रायरनं फक्त सीडीआय तापवा, हाताला चांगला गरम लागेल इतपत. तरी गाडी बंद पडली नाही तर सीडीआयवरचा संशय बराच कमी होतो. प्लॅस्टिक वितळेल इतकं जवळ धरू नका.

प्रतिसाद: धागाकर्ता

तांब्याची_तार, मनापासून आभार. तुम्ही सांगितलंत त्याच क्रमानं गेलो.

सीडीआय डीसी निघाला. बंद पडलेल्या गरम गाडीवर बॅटरी १२.४ आणि सीडीआयच्या पिनेवर १२.२. अर्थवर सेल्फ मारताना ०.०५. म्हणजे पुरवठा आणि अर्थ दोन्ही ठीक. ड्रायरनं सीडीआय तापवला, गाडी निवांत चालू राहिली.

मग पल्सर. गार असताना ११८ ओहम आला होता. गरम गाडीवर आधी मीटर कोरा, काहीच नाही. मॅग्नेटोच्या कव्हरमधून वायरींचा जुडगा रबराच्या बुचातून बाहेर येतो ना, तिथे पल्सरची बारीक वायर दोन बोटांत धरून हळूच वाकवली तर १४१ दाखवू लागला. सोडली की पुन्हा कोरा. बाहेरून वायर धड दिसते, आवरण कुठेही फाटलेलं नाही, पण ऑइल आणि उष्णतेनं ते वाळक्या शेंगेसारखं कडक झालंय आणि एका जागी, नखानं दाबलं तर, आत तांबं नसल्यासारखं पोकळ लागतं. गार असताना तुटलेली टोकं एकमेकांना टेकत असणार आणि तापल्यावर आवरण प्रसरण पावून दूर जात असणार, असा माझा अंदाज.

आणि तुम्ही म्हणालात तसा मोठा कपलर उघडला. चार्जिंगच्या वायरीच्या पिनेभोवतीचं पांढरं प्लॅस्टिक तपकिरी पडलंय, पिन काळी आणि ढिली. ती पिन साफ करून, चिमट्यानं थोडी आवळून बसवली आणि रेस दिली: १४.२ व्होल्ट. आधीचे १२.७ आठवा!

आता दोन शंका. पल्सरची वायर तुटल्या जागी डाग देऊन (सोल्डर करून) जोडली तर चालेल का, की पल्सरच नवा घ्यायचा? आणि करपलेला कपलर साफ करून झालाय, तो तसाच राहू दिला तर?

प्रतिसाद: तांब्याची_तार

अंदाज अगदी बरोबर आहे. तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तरही यातच आलं: बिघाड दोन, पण दोन्ही मॅग्नेटोतून बाहेर येणाऱ्या त्याच वायरींच्या वाटेवर. उष्णता, ऑइल आणि इंजिनाची थरथर यांचा सगळ्यात जास्त मार त्याच वाटेवर बसतो.

डाग देऊ नका, निदान त्या जागी तरी नाही. डाग दिलेली वायर तेवढ्या भागात ताठ होते आणि थरथरीनं डागाच्या कडेला पुन्हा तुटते. शिवाय आवरण कडक झालेली वायर पुढे अजून एका ठिकाणी तुटायला बसलेलीच असते. ताई रात्री गाडी नेणार असेल तर नवा पल्सरच टाका. बऱ्याच स्कूटरमध्ये तो मॅग्नेटोच्या चाकाबाहेर दोन स्क्रूंवर बसवलेला असतो, त्यामुळे पंखा आणि कव्हर काढलं की हाती लागतो, चाक काढावं लागत नाही. काही गाड्यांत मात्र तो मॅग्नेटोच्या कॉइल बसवलेल्या प्लेटसकटच मिळतो आणि तेव्हा चाक काढावं लागतं. ते पुलरनंच (चाक ओढून काढायचं अवजार) काढायला सांगा. हातोडी मारली तर आतली चुंबकं तडकतात. हे काम तुमच्या मेकॅनिककडे द्या, हात चांगला आहे म्हणालात. त्याला हे मोजलेले आकडे दाखवा, त्यालाही बरं वाटेल.

बसवताना जुना पल्सर आणि चाकावरचा उंचवटा यांच्यातली फट फीलर गेजनं (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) मोजून घ्या आणि नवा मॅन्युअलमधल्या मापानं बसवा. नवी वायर रबराच्या बुचातून नीट ओढून घ्या, क्लिपमध्ये अडकवा, चाकाला किंवा सायलेन्सरला टेकता कामा नये.

कपलर मात्र बदलाच. एकदा तापलेल्या पिनेची स्प्रिंग गेलेली असते. आज आवळली तरी पुन्हा ढिली होणार, ढिली झाली की रोध वाढणार, रोध वाढला की पुन्हा तापणार. नव्या पिना चांगल्या क्रिम्पिंग पक्कडीनं दाबून बसवा. अगदीच कपलर मिळाला नाही तर त्या वायरीपुरता जोड क्रिम्प करून त्यावर उष्णतेनं आकसणारी नळी चढवा.

आणि बॅटरी. इतके दिवस अर्धवट चार्जवर राहिलीय, गाडी चालवून ती पूर्ण भरेल या भरवशावर राहू नका. बाहेर काढून चार्जरवर लावा, करंट तिच्या अँपिअर-अवरच्या साधारण दहाव्या हिश्शाइतका, म्हणजे ४ अँपिअर-अवरची असेल तर ०.४ अँपिअर. काढून रात्रभर ठेवल्यावर १२.६ च्या आसपास किंवा वर टिकली तर बॅटरी वाचली. सेल्फ मारताना १० च्या खाली घसरत असेल तर तिचाही नंबर लागलाय असं समजा.

प्रतिसाद: धागाकर्ता

पल्सर वेगळा मिळतोय, प्लेट घ्यावी लागणार नाही. कपलरही सांगून ठेवला आहे आणि बॅटरी आत्ताच चार्जरवर लावली. काम झाल्यावर गाडी पाऊण तास सलग चालवून, तापलेल्या इंजिनावर पल्सरचा ओहम आणि चार्जिंगचा व्होल्टेज दोन्ही पुन्हा मोजून इथेच टाकतो.