विषय : दुचाकीच्या विम्यात सायलेन्सर कळवायचा का?

प्रेषक : अ. कु.

सर्व सभासदांस सप्रेम नमस्कार,

इथे ब्रिटनमध्ये माझ्या मोटारसायकलच्या विम्याची मुदत या महिनाअखेरीस संपते आहे आणि नूतनीकरणाचे पत्र हाती पडल्यापासून एका शंकेने मला घेरले आहे. साडेसहाशे सीसीची ही गाडी मी दोन वर्षांपूर्वी जुनी विकत घेतली. आधीच्या मालकाने मूळ सायलेन्सर काढून दुसऱ्या कंपनीचा बसवला होता आणि मागच्या लांब मडगार्डच्या जागी नंबरप्लेटपुरता आखूड ब्रॅकेट लावला होता. मी त्यात क्रॅश गार्ड, गरम होणाऱ्या मुठी आणि टॉप बॉक्स यांची भर घातली. विमा घेताना ‘गाडीत काही फेरफार केले आहेत का?’ असा प्रश्न होता. त्याला मी ‘नाही’ असे उत्तर दिले, कारण इंजिनाला मी हात लावलेला नव्हता आणि फेरफार म्हणजे इंजिनातला फेरफार अशीच माझी समजूत होती.

आता एक सहकारी सांगतो की या एका उत्तरामुळे माझा सगळा विमाच रद्दबातल ठरतो आणि गेली दोन वर्षे मी विम्याशिवाय गाडी चालवत होतो. दुसरा म्हणतो की असल्या गोष्टी कोणी कळवत नाही, कळवल्या तर फक्त हप्ता वाढतो. हप्ता आधीच जड झालेला आहे. दोघांपैकी कोणाचे खरे मानावे आणि कळवायचे झाल्यास नेमके काय कळवावे, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

आपला,
अ. कु.

•

प्रेषक : व. गो.

प्रिय अ. कु. यांस स. न.,

माझी नोकरीची बरीच वर्षे विमा कंपनीच्या दावे विभागात गेली, म्हणून जरा विस्ताराने लिहितो. आपले दोन्ही सहकारी चुकीचे आहेत.

पहिल्यांचे म्हणणे एके काळी बरोबर होते. ब्रिटनमध्ये 1906 च्या सागरी विमा कायद्यातले परम सद्भावाचे तत्त्व सगळ्याच विम्यांना लावले जाई. कंपनीने विचारो वा न विचारो, जोखमीशी संबंध असलेली प्रत्येक गोष्ट ग्राहकाने आपण होऊन सांगितली पाहिजे, नाहीतर करार मुळापासून रद्द, असा तो कारभार होता. ग्राहकांच्या विम्यासाठी 2012 साली वेगळा कायदा झाला आणि 6 एप्रिल 2013 पासून तो लागू आहे. आता ग्राहकावर एवढेच बंधन आहे की विचारलेल्या प्रश्नांना चुकीचे उत्तर जाऊ नये याची त्याने वाजवी काळजी घ्यावी. म्हणूनच प्रश्नाचे शब्द सर्वांत महत्त्वाचे ठरतात. ‘फेरफार’ म्हणजे काय हे कंपनीने शेजारीच स्पष्ट केले असेल, उदाहरणार्थ ‘कारखान्यातून गाडी निघाली तेव्हा तिच्यावर नसलेली कोणतीही गोष्ट’, तर आपला टॉप बॉक्ससुद्धा त्यात येतो आणि फेरफार कोणी केला हा मुद्दाच उरत नाही. प्रश्न मोघम असेल तर त्या मोघमपणाचा फायदा ग्राहकाला मिळतो. तेव्हा जुना अर्ज शोधून तो प्रश्न पुन्हा वाचावा, ही माझी पहिली विनंती.

उत्तर चुकीचे गेले असे ठरले, तरी त्यामुळे आपोआप काही रद्द होत नाही. खरे उत्तर मिळाले असते तर आपण हा करार केलाच नसता, किंवा वेगळ्या अटींवर केला असता, हे कंपनीला दाखवावे लागते. ज्या टॉप बॉक्समुळे हप्त्यात एका पेनीचाही फरक पडला नसता, त्याच्यावर बोट ठेवून दावा नाकारता येत नाही. फरक पडला असता आणि चूक निष्काळजीपणाची असेल, तर दाव्याची रक्कम प्रमाणात कमी होते. आपण 400 पौंड हप्ता भरला आणि खरी माहिती दिली असती तर तो 500 पौंड झाला असता असे समजा; मग दाव्याचे शेकडा 80 मिळतात. अशा गाडीचा विमा आम्ही उतरवलाच नसता असे कंपनीने सिद्ध केले तर ती करार रद्द करू शकते, परंतु हप्ता परत करते. आणि चूक जाणूनबुजून किंवा बेफिकिरीने केलेली असेल, तर दावाही जातो आणि सामान्यतः हप्ताही परत मिळत नाही. ती तशी केलेली होती हे सिद्ध करण्याचा भार कंपनीवर असतो.

‘दोन वर्षे विम्याशिवाय’ हेही खरे नाही. रस्त्यावरच्या दुसऱ्या माणसाला इजा झाली तर 1988 च्या रस्ता वाहतूक कायद्यानुसार कंपनीला त्याची भरपाई बहुधा द्यावीच लागते, आणि नोव्हेंबर 2019 पासून अपघात होऊन गेल्यावर पॉलिसी रद्द ठरवून त्या जखमी माणसापासून हात झटकण्याची वाटही बंद झालेली आहे. मात्र काही परिस्थितींत ती दिलेली रक्कम कंपनी आपल्याकडून वसूल करू शकते, आणि एखाद्याच्या कायमच्या अपंगत्वाची भरपाई केवढी असते हे मी कागदांवर पाहिलेले आहे. गाडीच्या किमतीची चिंता त्यापुढे किरकोळ आहे.

नूतनीकरणाच्या पत्रासोबत आपण पूर्वी दिलेल्या माहितीचा तक्ता येतो आणि ‘यात काही चूक असल्यास कळवा’ असे त्यावर छापलेले असते. तो तक्ता न वाचता ठेवून देणे हीसुद्धा कायद्याच्या दृष्टीने चुकीची माहिती ठरू शकते. दावे विभागात मी पाहिलेल्या भानगडींपैकी बऱ्याच याच कागदापाशी सुरू झालेल्या होत्या.

आपला,
व. गो.

•

प्रेषक : श्री. दे.

नमस्कार मंडळी,

व. गो. काकांचे पत्र अत्यंत उपयुक्त आहे, परंतु त्यातून मी जरा वेगळा निष्कर्ष काढतो. निष्काळजीपणाची शिक्षा दाव्याच्या पाचव्या हिश्शाएवढीच असेल, तर जन्मात एखादाच दावा करणाऱ्या माणसाने दर वर्षी वाढीव हप्ता का भरावा? गेल्या वर्षी गरम मुठी बसवल्या म्हणून मी प्रामाणिकपणे फोन केला. हप्ता वाढला नाही, पण ‘पॉलिसीतील बदलाचे शुल्क’ म्हणून जी रक्कम घेतली गेली ती मुठींच्या किमतीच्या जवळपास जाणारी होती. हप्त्यावर 12 टक्के विमा कर तर 2017 च्या जूनपासून सगळेच भरत आहोत. प्रामाणिक माणसाला दंड आणि गप्प बसणाऱ्याला सवलत, असा हा प्रकार मला दिसतो.

श्री. दे.

•

प्रेषक : व. गो.

श्री. दे. यांस,

शुल्काबद्दलची आपली तक्रार रास्त आहे. म्हणूनच किरकोळ वस्तू बसवायच्या झाल्यास त्या नूतनीकरणाच्या सुमारास बसवून त्याच वेळी कळवाव्यात. त्या वेळी बदलाचे शुल्क सहसा लागत नाही.

बाकीच्या हिशेबात मात्र एक अडचण आहे. प्रश्न स्पष्ट आणि नेमका असेल, तर त्याचे उत्तर कंपनीसाठी महत्त्वाचे आहे हे ग्राहकाला ठाऊक होते असे कायदा गृहीतच धरतो. तसे नव्हते हे ग्राहकाने दाखवायचे असते. शिवाय आपण आत्ताच सर्व सभासदांच्या देखत लेखी विचारणा केली आहे की मुद्दाम का कळवावे. या पत्रानंतर आपण निष्काळजी राहिला नाहीत, जाणते झालात, आणि शेकडा 80 ची सोय जाणत्यांसाठी नाही.

हसण्यावारी नेऊ नका. कंपनीने पॉलिसी रद्द ठरवली तर ‘तुमचा विमा पूर्वी कोणी रद्द केला आहे का?’ या प्रश्नाला पुढे ‘हो’ म्हणावे लागते, आणि त्या एका ‘हो’मुळे हप्ता जितका वाढतो तितका सायलेन्सरमुळे वाढलेला मी कधी पाहिला नाही.

व. गो.

•

प्रेषक : मे. रा.

सर्वांना नमस्कार,

मी सतरा वर्षे या देशात मोटारसायकल चालवते आहे. व. गो. काकांनी कायद्याची बाजू सांगितली. मी ठेच लागून शिकलेली गोष्ट सांगते. माहिती कळवणे आणि त्या वस्तूचा विमा उतरणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

माझी आधीची गाडी चोरीला गेली. तिच्यावरचा सायलेन्सर, सस्पेन्शन आणि बाजूच्या दोन पेट्या हे सगळे मी कळवलेले होते आणि ती यादी पॉलिसीच्या कागदावरही होती, त्यामुळे मी निर्धास्त होते. दावा मंजूर झाला, पण भरपाई मिळाली ती त्याच सालच्या, काहीही न बसवलेल्या गाडीच्या बाजारभावाने. पॉलिसीत बारीक अक्षरांत लिहिलेले होते की बदललेल्या भागांची भरपाई कारखान्याच्या मूळ भागांच्या किमतीएवढीच दिली जाईल. मी तक्रार केली, कंपनीने आठ आठवड्यांच्या मुदतीत नकार दिला, आणि तो कागद पुन्हा वाचल्यावर वित्तीय लोकपालाकडे (ग्राहकांच्या विमा व बँक कंपन्यांविरुद्धच्या तक्रारींचा निवाडा करणाऱ्या संस्थेकडे) जाण्यातही अर्थ नाही हे माझे मलाच कळले. लोकपालाकडे जाणे विनाशुल्क असते आणि कंपनीच्या अंतिम उत्तरापासून सहा महिन्यांच्या आत जाता येते, हे इतरांच्या माहितीसाठी सांगून ठेवते. माझ्या बाबतीत कंपनी नियमाने चालली होती एवढेच. आता मी फोनवर पहिला प्रश्न हाच विचारते की बसवलेल्या भागांची भरपाई त्यांच्या किमतीने देता की मूळ भागांच्या, आणि उत्तर ईमेलने मागते.

आणखी एक उलटी गोष्ट. हप्ता कमी व्हावा म्हणून आपण कुलूप, अलार्म किंवा रात्री गॅरेजमध्ये ठेवण्याची व्यवस्था मोठ्या हौसेने जाहीर करतो. त्यातले काही पॉलिसीत अट म्हणून नोंदले गेले, तर कुलूप घरी विसरल्याच्या रात्री झालेल्या चोरीचे नुकसान आपल्याच पदरात पडते. जे रोज करणार नाही ते मी लिहीत नाही, मग सवलत गेली तरी चालेल.

अ. कु., आपल्या गाडीविषयी माझे मत सांगते. मुठी, गार्ड आणि बॉक्स यांची चिंता करू नका. काही कंपन्यांकडे विनामूल्य स्वीकारल्या जाणाऱ्या वस्तूंची यादीच असते आणि त्यात हे सगळे बहुधा सापडते. सायलेन्सर मात्र खाली वाकून पाहा. त्यावर ‘ई’ हे मान्यतेचे चिन्ह आहे की ‘रस्त्यावर वापरण्यासाठी नाही’ अशा अर्थाचा शिक्का आहे? तो शिक्का असेल तर गाडी एमओटी चाचणीतही (रस्त्यावर चालवण्यास योग्य आहे का, हे पाहणाऱ्या वार्षिक तपासणीतही) नापास होईल आणि विमा हा दुय्यम प्रश्न ठरेल. आखूड ब्रॅकेटचेही तसेच आहे. नंबरप्लेटवरची अक्षरे 64 मिलिमीटर उंचीची हवीत, प्लेटवर दिवा हवा, आणि ती आकाशाकडे तोंड करून बसवलेली चालत नाही.

मंडळातल्या नव्या चालकांसाठी एक वाक्य वाढवते. ज्यांच्याकडे ए-2 परवाना (मध्यम शक्तीच्या मोटारसायकलींपुरता परवाना) आहे आणि 35 किलोवॉटची मर्यादा पाळण्यासाठी ज्यांच्या गाडीत रिस्ट्रिक्टर, म्हणजे इंजिनाची शक्ती कमी ठेवणारा भाग, बसवलेला आहे, त्यांनी तो बसवल्याचे कळवावे. आणि पूर्ण परवाना हाती येण्याआधी तो काढला, तर प्रश्न फेरफाराचा न राहता परवान्याविना चालवण्याचा होतो. खाद्यपदार्थ पोचवण्याचे काम करणाऱ्या विद्यार्थ्यांनीही वापराचा प्रकार न विसरता कळवावा. ‘घरगुती वापरा’च्या विम्यावर ते काम करताना पकडले गेल्यास 300 पौंड दंड आणि परवान्यावर सहा दंडगुण, ही विम्याविना गाडी चालवण्याचीच शिक्षा होऊ शकते.

मे. रा.

•

प्रेषक : अ. कु.

काका, ताई आणि श्री. दे., आपणा सर्वांचे मनःपूर्वक आभार.

जुना अर्ज सापडला. प्रश्नाशेजारी ‘निर्मात्याच्या मूळ रचनेपेक्षा वेगळे काहीही’ असे स्पष्ट लिहिलेले होते, त्यामुळे मोघमपणाचा आधार मला नाही. मी गाडीचे चारही बाजूंनी फोटो काढले, पाच वस्तूंची यादी केली आणि काल कंपनीला फोन केला. मुठी, गार्ड आणि बॉक्स यांसाठी काहीही वाढ नाही. सायलेन्सरवर ‘ई’ चिन्ह आहे हे कळल्यावर तो थोड्या वाढीव हप्त्यावर स्वीकारला गेला. भरपाई मात्र मूळ भागाच्याच दराने मिळेल, असे त्यांनी ताईंनी सुचवल्याप्रमाणे ईमेलने कळवले. गेल्या दोन वर्षांच्या चुकीची नोंद ‘दुरुस्ती’ म्हणून झाली आणि पॉलिसी चालू आहे.

त्यानंतर इतर कंपन्यांचे दरही मागवले. 1 जानेवारी 2022 च्या नियमामुळे माझी कंपनी नूतनीकरणाला तशाच नव्या ग्राहकापेक्षा जास्त दर लावू शकत नाही, हे मला नव्याने कळले, पण दुसरी कंपनी कमी लावू शकतेच. फेरफारांसह आणि फेरफारांविना असे दोन दर काढून पाहण्याचा मोह झाला होता, परंतु ते दोन्ही अर्ज माझ्याच नावाने त्यांच्याकडे राहतील हे लक्षात येऊन मी सगळीकडे खरी यादीच दिली. एका कंपनीने सायलेन्सर पाहून नकार दिला, एकीने सध्याच्या कंपनीपेक्षा कमी दर दिला. तिच्याकडे जावे असे वाटते आहे.

राहिला आखूड ब्रॅकेट. प्लेटचा कोन आणि दिवा दोन्ही चुकीचे निघाले, म्हणून तो काढून मूळ मडगार्ड बसवायचे ठरवले आहे, पण आधीच्या मालकाने मूळ भाग फेकून दिला असे कळते. आपल्यापैकी कोणी याच बनावटीच्या गाडीचा मागचा मडगार्ड काढून घरी ठेवला असेल, तर मला जरूर कळवावे, मी तो रीतसर विकत घेईन; आणि आपण तो काढल्याचे आपल्या कंपनीला कळवले आहे ना, एवढेही पाहून ठेवावे.

आपला,
अ. कु.