मदत हवी आहे: सीआर-व्हीमागे ओढता येईल अशी छोटी मोटरबोट

नमस्कार मंडळी. आम्ही कॅनडात मिसिसॉगाला राहतो. उन्हाळ्यात पाच-सहा वेळा सकाळी सिमको तलावावर जाऊन संध्याकाळी परत यायचं, एवढ्यासाठी छोटी मोटरबोट घ्यायची आहे. माणसं चार: आम्ही दोघं, दहा वर्षांची लेक आणि जूनमध्ये येणारे बाबा. बाबा दाभोळचे, वाशिष्ठीच्या खाडीत वाढलेले. पाणी दिसलं की अजून त्यांचा चेहरा उजळतो. पण गुडघे दुखतात, त्यामुळे बोटीचा काठ फार उंच नको आणि पाठ टेकता येईल अशी खुर्ची हवी.

गाडी होंडा सीआर-व्ही. ओढायची मर्यादा 680 किलो, त्यात बोट, इंजिन, ट्रेलर, पेट्रोल सगळं आलं. म्हणजे फायबरची 17 फुटी बाद. मनात 14 फुटी ॲल्युमिनियमची बोट आणि 20 हॉर्सपॉवरचं फोर-स्ट्रोक इंजिन आहे. पण सिमकोवर वारा सुटला की लाटा उसळतात. चौघांना 14 फूट पुरेल, की 16 फुटी घ्यावी? तळ सपाट असावा की व्ही आकाराचा?

गेल्या रविवारी एक जुनी बोट पाहिली. इंजिन अडकवतात त्या मागच्या फळीवर अंगठा दाबला, तर लाकूड ओल्या पावासारखं दबलं. तिथूनच परत फिरलो. जुनी घेताना आणखी काय तपासता? ट्रेलरच्या चाकांचं बेअरिंग कसं पाहायचं?

बोट चालवायच्या कार्डाची परीक्षा मी पास झालोय, लाइफ जॅकेटंही घेतली आहेत. बाबा येण्याआधी बोट दारात हवी, तेव्हा अनुभव असलेल्यांनी जरूर लिहा.