मेटॅलिकाचा पुढचा अल्बम: वेगाआधी मिक्स

मेटॅलिका या अमेरिकन मेटल बँडच्या पुढच्या अल्बममध्ये काय हवं, या प्रश्नावर बहुतेकांनी वेग मागितलाय. मला त्याआधी मोकळा मिक्स (म्हणजे सगळ्या वाद्यांची एकत्र जुळवणी) हवाय. त्यांच्या २००८च्या 'डेथ मॅग्नेटिक' अल्बमचा आवाज, हळू-मोठं सगळं एकाच मोठ्या पातळीला आणून, इतका चेपला होता की ड्रमच्या ठोक्याबरोबर गिटारही फाटते. ही चेपाचेपी मिक्समध्येच झाली होती, त्यामुळे मास्टरिंगमध्ये, म्हणजे मिक्सनंतरच्या शेवटच्या टप्प्यात, दुरुस्तीला वावच उरला नाही. 'गिटार हीरो' या व्हिडिओ गेमला वाद्यांचे ट्रॅक वेगवेगळे मिळाले, म्हणून तीच गाणी तिथे कितीतरी स्वच्छ वाजतात!

शिवाय लांबी. त्यांच्या जुन्या 'मास्टर ऑफ पपेट्स' अल्बममध्ये ८ गाणी, जेमतेम ५५ मिनिटं. २०२३च्या '७२ सीझन्स'मध्ये १२ गाणी, तब्बल ७७ मिनिटं. त्यातल्या 'इनामोराटा'सारखं ११ मिनिटांचं गाणं खुशाल ठेवा, पण मधल्या फळीतली दोन-तीन गाणी गाळायलाच हवीत. गिटारवादक कर्क हॅमेटच्या रिफ्सना (गिटारच्या पुन्हा पुन्हा येणाऱ्या धुनांना) मात्र भरपूर जागा द्या. २०१६च्या 'हार्डवायर्ड' अल्बमच्या मूळ १२ गाण्यांत त्याचं लेखन नव्हतं.