दारू सोडलेल्या दादाला एए मीटिंगला कसं न्यावं?

निशिगंध:
दादा ४४ वर्षांचा, साताऱ्यात असतो. व्यसनमुक्ती केंद्रातून येऊन वीस दिवस झाले. दिवस कसाबसा जातो, संध्याकाळी सात वाजले की अंगणात येरझारा सुरू. वहिनी त्याचे खिसे, गाडीची डिकी तपासते, मग भांडण. समुपदेशकांनी अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसच्या (एए, दारू सोडू पाहणाऱ्यांचा गट) मीटिंगला जायला सांगितलंय. तो म्हणतो, ‘चारचौघांत उभं राहून मी बेवडा आहे म्हणून सांगू?’ काय करू?

परतवाट:
ताई, मी मद्यपी आहे. नऊ वर्षं प्यायलेलो नाही. पहिल्या मीटिंगमध्ये मी तोंड उघडलं नाही, कुणी आग्रहही केला नाही. आडनाव लागत नाही, फी नाही. शेवटी पिशवी फिरते, जमेल ते टाकायचं. माझ्या लक्षात राहिला तो चहा. सगळ्यांना कप भरून, मला अर्धाच. माझे हात थरथरतात हे देणाऱ्याने ओळखलं होतं, एकेकाळी त्याचेही थरथरायचे. आईने, बायकोने पाया पडून सांगितलं तेव्हा मी ऐकलं नव्हतं. त्या अर्ध्या कपासाठी दुसऱ्या दिवशी परत गेलो.

१९३५ साली अमेरिकेतल्या अ‍ॅक्रन गावात एएची सुरुवातही अशीच झाली. परगावी एकट्या पडलेल्या शेअर दलालाला प्यावंसं वाटलं, म्हणून तो बोलायला दुसरा दारुडा शोधत निघाला. भेटला एक सर्जन. दादाला सात वाजता असाच माणूस हवा, ज्याला फोन करता येईल. त्याला स्पॉन्सर म्हणतात. तुम्ही ओढून नेऊ नका. ग्रुपला फोन करा, एखादा जुना सभासद येऊन भेटतो.

रेखाकाकू:
वहिनीकडेही बघ गं. घरच्यांसाठी अल-अनॉनच्या मीटिंग वेगळ्या असतात, पुण्याच्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रात बायकांसाठी सहचरी गट आहे. मी तेरा वर्षं खिसे तपासले. बाटली सापडली तरी त्रास, नाही सापडली तरी संशय. इतर बायकांत बसून रडले तेव्हा कुठे ते सुटलं.
आणि जेवणातून गुपचूप दारू सोडवायची गोळी द्यायला कुणी सांगेल, अजिबात देऊ नका. वर दारू पोटात गेली तर जिवावर बेततं. पुन्हा प्यायलाच, तर एकदम बंद करताना डॉक्टर हवेत, फिट येऊ शकते. सरकारी हेल्पलाइन १४४४६.

निशिगंध:
अर्ध्या कपाचं दादाला वाचून दाखवलं. बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, ‘घरी नको बोलावू, शेजारी बघतात. एसटी स्टँडवर भेटतो.’