मदत हवी आहे : आठ वर्षांच्या मुलाशी वंशभेदाबद्दल कसं बोलायचं?

नमस्कार मंडळी. आम्ही नागपूरला, मनीषनगरात राहतो. खालच्या मजल्यावर मणिपूरचं कुटुंब आलंय, वडील मिहानमध्ये नोकरीला. त्यांची मुलगी माझ्या मुलाच्याच व्हॅनमध्ये असते. पोरं तिला 'चायनीज', 'मोमो' म्हणून चिडवतात. मुलानं विचारलं, "ती खरंच भारतातली आहे का?" नकाशा दाखवला, तेवढं पटलं. पुढचा प्रश्न अवघड होता : "मग चिडवतात कशाला?"

सासूबाई म्हणतात, पोट्टेच ते, चिडवणारच. मला नाही पटत. २०१४ मध्ये दिल्लीत अरुणाचलच्या निडो तानियाचा जीव गेला, त्याची सुरुवात केसांवरून केलेल्या टिंगलीनंच झाली होती. पण हे आठ वर्षांच्या मुलाला सांगावं का?

दीक्षाभूमीवर आम्ही दरवर्षी जातो. बाबासाहेबांना शाळेत वेगळं बसवायचे, पाण्याला हात लावू द्यायचे नाहीत, हे त्याला ठाऊक आहे. तिथूनच सुरुवात करावी, की जात आणि वंश एकत्र सांगितल्यानं गोंधळ होईल? शिक्षक मंडळींनी जरूर सांगा. व्हॅनवाल्या काकांशी आधी बोलू की त्या मुलीच्या आईशी? तिला अवघडल्यासारखं होऊ नये. या वयाला जमेल असं मराठी पुस्तक असेल तर तेही सुचवा. आणि "दुर्लक्ष कर" हा सल्ला कृपया नको, तो घरी भरपूर मिळतोय.