तोच आकडा पुन्हा पुन्हा आला म्हणजे काटा बरोबर?

ए-१०४: नमस्कार मंडळी. घरात दोन वजनकाटे आहेत. डिजिटलवर आत्ता चारदा उभी राहिले: ६३.४, ६३.४, ६३.३, ६३.४. जुन्या, सुईवाल्यावर ६०, ६१.५, ६०.५, ६२. जुना काढून टाकतेय, कुणाला हवा असेल तर सांगा.

बी-५०१: टाकाच ताई. दोन किलो इकडेतिकडे म्हणजे काय काटा झाला!

सी-२०३: ताई, थांबा जरा. अलीकडे दुसरीकडे कुठे वजन केलंय का?

ए-१०४: हो काका, आज सकाळीच दवाखान्यात. ६१.०. कपडेही हेच. तिथला काटा नियमित तपासून घेतात.

सी-२०३: मग जुन्याच्या चार आकड्यांची सरासरी काढा. ६१.० येते. चारच रीडिंगं आहेत, त्यामुळे इतकं नेमकं जुळण्यात थोडा योगायोग आहे, पण सुई खऱ्या वजनाच्या आजूबाजूलाच फिरतेय. डिजिटल मात्र चारही वेळा सव्वादोन किलोच्या वर चुकलाय. रीडिंगं एकमेकांच्या जवळ असणं ही प्रिसिजन, खऱ्या किमतीच्या जवळ असणं ही ॲक्युरसी. डिजिटलकडे पहिली आहे, दुसरी नाही.

बी-५०१: पण काका, आणखी वीस वेळा वजन घेऊन सरासरी काढली तर?

सी-२०३: तरी ६३.४ च. सुईची चूक कधी वर, कधी खाली, म्हणून सरासरीत बरीचशी कटते. रीडिंगं चौपट केली की सरासरीतली डळमळ निम्मी होते. डिजिटलची चूक एकाच दिशेची. ती सरासरीत जशीच्या तशी उतरते आणि त्या काट्याकडे कितीही बघितलं तरी दिसत नाही. बाहेरचा पडताळाच लागतो.

डी-३०२: एक भर घालते. काही डिजिटल काटे आधीचं वजन लक्षात ठेवतात आणि फरक थोडा असेल तर तोच आकडा परत दाखवतात. मधे एकदा जड बॅग घेऊन उभ्या राहा, मग पुन्हा रिकाम्या हाताने.

ए-१०४: केलं. बॅगेनंतर ६३.३. म्हणजे खरंच मोजतोय.

सी-२०३: छान सुचवलंत. या भुलीत मोठमोठी माणसं सापडलीत. हबल दुर्बीण १९९० मध्ये वर गेली आणि चित्रं धूसर यायला लागली. २.४ मीटरचा आरसा अतिशय गुळगुळीत घासला होता, पण चुकीच्या आकाराला. कडेला सुमारे २ मायक्रॉन जास्त सपाट! तो तपासायच्या उपकरणात एक भिंग १.३ मिलिमीटरने चुकीच्या जागी बसलं होतं. मला सगळ्यात लागतं ते पुढचं: आणखी दोन साध्या उपकरणांनी आरशात दोष दाखवला होता. ती कमी प्रिसाइज, म्हणून त्यांचं कुणी मनावर घेतलं नाही.

बी-५०१: बापरे. मग दुरुस्त कसं केलं?

सी-२०३: चूक ठरावीक होती, म्हणून किती आणि कशी ते मोजता आलं. तिला बरोबर उलटी पडेल अशी आरशांची जोडणी करून १९९३ च्या डिसेंबरमध्ये अंतराळवीरांनी ती तिथे बसवली. नुसत्या डळमळीवर असा उतारा चालत नाही. म्हणून ताई, डिजिटलही टाकू नका. वजन वाढतंय की घटतंय हे बघायला तोच चांगला.

ए-१०४: मग आकड्यातून २.४ वजा करत जाऊ?

सी-२०३: इतक्यात नको. चूक सगळीकडे २.४ ची आहे की वजनाच्या प्रमाणात, ते आधी बघा. धाकटीचं वजन दवाखान्यात झालंय का?

ए-१०४: हो, माझ्याबरोबरच. २०.१. थांबा, तिला उभी करते... २०.९ दाखवतोय.

सी-२०३: म्हणजे चूक प्रमाणात आहे. ६१.० भागिले ६३.४, साधारण ०.९६२. २०.९ ला त्याने गुणा, २०.१ येतं. तिच्या आकड्यातून २.४ वजा केले असते तर पोरगी साडेअठरा किलोची झाली असती.

ए-१०४: ०.९६२ चिठ्ठीवर लिहून डिजिटलला चिकटवते. सुईवाला देत नाहीये, दोन्ही राहू देत.